उभ्या गाडीची थरथर

बाबा, गाडी उभी असली की थरथरते. चालताना नाही, फक्त उभी असताना. सिग्नलला थांबली, फाटकावर थांबली, घरासमोर आईची वाट बघत थांबली की आधी स्टिअरिंग, मग सीट, मग आरशातला मागचा रस्ता, सगळं हलायला लागतं, आणि एखाद्या वेळी एक उचकी देऊन इंजिन बंदच पडतं. पाय दाबला, गाडी निघाली की जसं काही झालंच नाही. मला आधी याचंच नवल वाटलं. पळताना धडधाकट आणि बसल्या जागी कापरं, हा कुठला आजार? माणसाचं तर उलटं असतं. तुम्ही असता तर एका वाक्यात सांगितलं असतं, ते मला समजलं नसतं, आणि तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलं नसतं. म्हणून म्हटलं, या वेळी आपणच बघावं. बघता बघता गाडीचं सोडा, तुमचंच एक कोडं सुटलं. ते सांगायला बसले आहे.

गाडी तीच आहे, तुमची पांढरी. रंग पुन्हा दिला, सीटची कव्हरं बदलली, बाकी तीच. तुम्ही गेल्यापासून दादा पुण्याहून दर फोनला म्हणतो की तो डबा विकून टाका, कोणी घेत नसेल तर भंगारात द्या. त्याचं तसं चूक नाही. पण आईचे गुडघे आता ऑटोची पायरी चढत नाहीत, आणि ई-रिक्शात एकदा बसली तर उतरल्यावर म्हणाली, "माझी हाडं मोजून घे, एखादं आत राहिलं असेल." आपल्या गाडीचं दार मोठं उघडतं, सीट खाली आहे, ती पाठ करून बसते आणि मग पाय आत घेते. दर मंगळवारी आपल्या मदन महलहून राइट टाउनला भजनाला जाते ती याच गाडीने. आठवड्यात तेवढंच तिचं बाहेर जाणं. गाडी गेली तर मंगळवार गेला, आणि ती तक्रारही करणार नाही, म्हणेल, "चलो, आता घरूनच म्हणीन." मला त्याचीच भीती. सदर बाजारातल्या मिस्त्रीला दाखवली तर त्याने बोनेट उघडून एक कान दिला, स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीच्या वेगाचा, स्क्रू पिळून इंजिन उगाच मोठ्याने घुमतं करून दिलं आणि म्हणाला, "दीदी, बहुत साथ दे दिया इसने. अब विदा कर दो." दादाशी ठरलं की तो दसऱ्याला येईल, तोवर सुधारली तर ठीक, नाही तर तो येऊन विल्हेवाट लावेल.

आता तुमचं कोडं. रविवारी सकाळी तुम्ही बोनेट उघडायचे तेव्हा दादाला बाहेर घ्यायचे आणि मला म्हणायचे, "तू आत बस." दादाच्या हातात पाने, मळकं फडकं, पंख्याचा वारा अडवायला पुठ्ठा. मी ड्रायव्हरच्या सीटवर, पाय पोचत नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बोनेट वर केलं की काचेखाली चार बोटांची एक फट उरते, त्या फटीतून मला तुमची फक्त बोटं दिसायची. तुम्ही तिकडे काही तरी पिळायचे आणि ओरडायचे, "आता?" मी ओरडायची, "हलतंय." पुन्हा "आता?" पुन्हा "हलतंय." मोठ्याने म्हणावं लागायचं, हळू म्हटलं तर तुम्ही परत विचारायचे. शेवटी कधी तरी माझ्या तळव्यातलं ते बारीक गुणगुणणं बंद व्हायचं आणि मी म्हणायची, "थांबलं बाबा." मग तुम्ही बोनेट पाडायचे. बस, माझं काम संपलं. दादाचे हात काळे, माझे गोरेच्या गोरे. मावशी एकदा म्हणाली की मुलीच्या जातीला काळे हात कशाला, बरोबरच करतात ते. मला ते इतकं लागलं की मी ते खरंच मानून बसले. माझ्या बाबांना मी इंजिनाजवळ नको आहे. मी मुलगी आहे म्हणून.

आणि एक रविवार तर असा की अजून आठवला की कान गरम होतात. मी नवीन फ्रॉक घातलेला, लांब वेणी, तुम्ही वाकून काम करत आहात, इंजिन चालू आहे, दादा पाणी प्यायला आत गेलेला. मी सीटवरून उतरते. तुमच्या मागे येऊन उभी राहते. "बाबा," म्हणते. तुम्ही बघत नाही. पुन्हा म्हणते, "बाबा, मी बघू?" तुम्ही बघत नाही. म्हणून मी बाजूने वाकते, फिरणारा पट्टा किती सुंदर दिसतो ते बघायला. तेवढ्यात तुम्ही मान वळवता आणि असे ओरडता, "आत बस," की समोरच्या घरातले लोक गॅलरीत येतात. दंडाला धरून मला मागे ओढता. मी आत जाऊन बसले आणि नंतर कधीही इंजिन बघायचं म्हटलं नाही. तुम्हीही विषय काढला नाही. मी रेल्वेत लागले, गाडी चालवायला शिकले, तुम्हाला दवाखान्यात त्याच गाडीने नेलं, पण बोनेटखाली काय असतं ते या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं.

तर या रविवारी मी तुमची पत्र्याची पेटी काढली. गाडी गार होती. फोनवर दोन-चार व्हिडिओ बघून ठेवले होते, सगळे म्हणतात आधी साधं बघा. एअर फिल्टर काढला तर त्यात अख्खं मदन महल भरलेलं, धूळ, कडुनिंबाची पानं, एक मेलेला भुंगा. झटकून झटकून साफ केला. प्लग काढायला तुमचा तो लांब पाना लागला, तो कसा धरायचा ते कळायलाच वेळ गेला. प्लगांची टोकं काजळीने काळी. जुन्या टूथब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने घासली. हात असे काळे झाले की मला फोटो काढून मावशीला पाठवावासा वाटला, पण तीही आता नाही. सगळं परत लावून गाडी सुरू केली. फरक पडला, पण थोडाच. उचकी गेली, थरथर राहिली.

मग मी काही न करता नुसती उभी राहिले. आणि मला ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, बारीक, सतत, दातांतून हवा सोडल्यासारखा स्स्स. मी बागेच्या पाइपचा तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं, दुसरं टोक इंजिनावरून फिरवत गेले, पट्ट्यापासून लांब. एका जागी तो आवाज कानात एवढा मोठा झाला की मी दचकले. कार्बोरेटरच्या खालून एक रबराचा पाइप निघतो, बोटाएवढा जाड, त्याचं टोक जिथे लोखंडाच्या नळीवर बसतं तिथे रबराला चीर गेली होती. तिथून इंजिन हवा ओढत होतं. मग माझं पहिलं नवलही उलगडलं. शहाळ्याच्या नळीला वर चीर असेल तर हळू ओढताना नुसती हवाच तोंडात येते, जोरात ओढलं की पाणी येतं आणि चिरेचं काही वाटत नाही. गाडी उभी असते तेव्हा इंजिन हळू ओढत असतं, म्हणून तेव्हाच चोरीची हवा त्याला बाधते. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. समोरचे भैया गॅलरीतून म्हणाले, "क्या मिला दीदी?" मी म्हटलं, "छेद."

पण हसता हसता थांबले. कारण एवढा मोठा आवाज तुम्हाला कधी कसा आला नाही? तुम्ही कारखान्यात आयुष्यभर इंजिनांच्या टेस्टिंगवर. घरी अभिमानाने सांगायचे की बाकीचे कानात कापूस घालतात, मी नाही घालत, कापूस घातला तर इंजिन काय म्हणून राहिलं ते कसं कळणार. आणि गाडीत तुम्ही कधी कान लावून ऐकताना मला आठवतच नाही. तुम्ही नेहमी विचारायचे. "आता?"

चीर सापडली तरी खात्री करायची होती. मी तिथे बोट दाबून धरलं की थरथर थांबते का, हे बघायला आत कोणी तरी हवं. आईला हाक मारली. ती हात पुसत आली, पाठ करून ड्रायव्हरच्या सीटवर बसली, पाय आत घेतले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या बाजूला बसली होती.

"मी काय करू?" आई म्हणाली.

"काही नको करू. स्टिअरिंगवर हात ठेव आणि हलतंय का ते सांग."

"हलून तर मीच राहिली आहे."

"आई."

"बरं बरं. हलतंय."

मी बोट दाबलं. "आता?"

आईने स्टिअरिंगवरचे हात उचलून पुन्हा ठेवले. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून पुन्हा ओरडले, "आता?" तर ती फटीतून म्हणाली, "कमी झालं. आणि ओरडते काहून? मला ऐकू येतं. मी काय तुझे बाबा आहे?"

मी बोट काढलं, तिच्या खिडकीशी आले आणि आत हात घालून इंजिन बंद केलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय. त्यांना बारीक आवाज येत नव्हता. मोठा यायचा. कुकरच्या शिट्ट्या कोण मोजायचं घरात? मीच ना. बेल वाजली तर कधी उठले का ते?"

"मला वाटायचं लक्ष नसायचं."

"तसंच वाटू द्यायचं होतं त्यांना. कानात कापूस नाही घातला ना, जिद्दी माणूस. कारखान्यात समजलं असतं तर स्टोरमध्ये बसवून दिलं असतं. मला शपथ घातली होती, कोणाला बोलायचं नाही. आता ते नाहीत, मी तरी किती दिवस ठेवू पोटात." मग स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाली, "हातही बधिर झाले होते त्यांचे. गरम कप कसे धरायचे, आठवतं? तुम्हाला कौतुक वाटायचं. मी तो कप पाहिला की मला रडू यायचं."

मी विचारलं. एवढी वर्षं ज्यांना विचारायचं ते तुम्ही होता, पण विचारलं आईला. "मग मला आत काहून बसवायचे? दादाला का नाही?"

आईला प्रश्नच विचित्र वाटला. "दादाला बसवलं होतं आधी. तो पहिल्याच वेळी म्हणायचा ठीक आहे, त्याला क्रिकेटला जायचं असायचं. तू तसं नाही म्हणायची. सतरा वेळा विचारलं तरी हलत असलं तर हलतंयच म्हणायची. ते मला म्हणायचे, पोरीच्या हाताला समजतं. पाना तर कोणीही धरतं."

बाबा, मी तिथेच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. काळ्या हातांनी तोंड धरलं आणि तोंडही काळं झालं. मला रडायला आलं, आणि रागही आला, तुमचा. एक वाक्य होतं. "पोरीच्या हाताला समजतं." ते तुम्ही आईला सांगितलं आणि मला नाही. आणि तो फ्रॉकचा रविवार. मी दोनदा हाक मारली होती, ती तुमच्यापर्यंत आलीच नव्हती. तुम्ही मान वळवली आणि तुम्हाला दिसलं काय, तर फिरणारा पट्टा आणि त्याच्या शेजारी माझी वेणी. मी तुमच्या जागी असते तर मीही गॅलरी भरवली असती. तेही सांगितलं नाहीत, कारण ते सांगायचं तर कानाचं सांगावं लागलं असतं.

आणखी एक आहे. तो पाइप काढला तेव्हा दिसलं की तो फार आखूड आहे, ताणून बसवलेला. चिरलेलं टोक कापून पाइप पुढे सरकवायचा आणि पुन्हा बसवायचा, हा साधा उपाय मला व्हिडिओत दिसला होता, पण इथे कापायला जागाच उरली नव्हती. टोक बघितलं तर दाढीच्या ब्लेडने कापल्यासारखं साफ, तिरपं. म्हणजे तुम्ही हेच करत आला होता, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं. आणि ती चीर तुम्हाला ऐकू येत नव्हती तर सापडायची कशी? तेव्हा मला ती फट आठवली. फटीतून दिसायची ती तुमची बोटं, आणि बोटांत उदबत्ती.

देवासमोर हात न जोडणारे तुम्ही. खंडेनवमीला मात्र आईकडे पेटलेली उदबत्ती मागायचे आणि चालू इंजिनावरून सावकाश फिरवायचे. मध्येच एखाद्या रविवारीही मागायचे, आणि आईने विचारलं की आज काय आहे, तर म्हणायचे, "आज एकादशी असेल." आई खूश. भजनाच्या बायकांना सांगायची की आमचे हे गाडीपुरते का होईना, पण करतात. दादा पुठ्ठा धरायचा, वारा लागून धूर विस्कटू नये म्हणून. आत बसून मला दिसायचं की धूर सरळ वर जातो, आणि एका जागी आला की एकदम वाकून खाली शिरतो. मला वाटायचं गाडी वास घेते. गाडी हवा ओढत होती, बाबा. तुम्ही ओवाळत नव्हता, छेद शोधत होता. काय माणूस होता तुम्ही. बायकोच्या देवघरातून उदबत्ती मागून इंजिनाचा ताप काढायचे, आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचे.

सदरला जाऊन नवीन पाइप आणला, त्याच जाडीचा, हातभर. मापाने कापला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या, मिस्त्रीने वाढवून ठेवलेला स्लो हळूहळू खाली आणला. आई आत, मी बाहेर. "आता?" "हलतंय." "आता?" "हलतंय गं, तुला घाई काय आहे?" शेवटी ती म्हणाली, "थांबलं," आणि मला वाटलं तेवढ्यात ती रडेल, पण ती म्हणाली, "उतरव मला, दूध गॅसवर आहे." मंगळवारी भजनाला नेलं तेव्हा राइट टाउनच्या सिग्नलला गाडी उभी राहिली आणि आईने पर्समधून बडीशेप काढून मला दिली. आधी ती सिग्नलला दाराची कडी धरून बसायची. दसऱ्याला दादा आला, त्याने एक चक्कर मारली आणि खिशात हात घालून म्हणाला, "ठीक आहे." मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. त्याला कळलं नाही आम्ही का हसलो.

त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आईने ताटात हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि पेटवलेली उदबत्ती आणून दिली आणि म्हणाली, "त्यांच्यासारखी फिरव, मशीनवरून." मी इंजिन बंदच ठेवलं. पेट्रोलजवळ विस्तव न्यायची हिंमत तुमची, माझी नाही. लांबूनच ओवाळली. आई हात जोडून म्हणाली, "वर्षातून एकदा तरी देव आठवायचा त्यांना." मी हो म्हटलं. धुराचं तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुमचं एक तिने इतकी वर्षं सांभाळलं, एक मी सांभाळते. म्हणून हे पत्र गाडीच्या कप्प्यातही ठेवता येत नाही. तिथे तिच्या गोळ्या असतात, आणि हाताला लागलेलं ती सगळं वाचते.

एक सांगायचं राहिलं. गाडी अजून किंचित हलते. आईला कळत नाही, दादाला तर नाहीच, पण तळवा ठेवला की मला कळतं. स्क्रूला पाव फेरा दिला की थांबेल, पेचकस पेटीत वरच ठेवला आहे. अजून दिलेला नाही. दिला तर सगळं नीट होईल, आणि मग तुम्ही विचारलंत तर आत बसून सांगायला माझ्याकडे काही राहणार नाही.